एक घोट वाळूचा

खमीसने वाफ्यावर फळी ठेवली, फळीच्या मधोमध चहाचा पेला ठेवला आणि किटलीतून काठोकाठ ओतला. मग गुडघे टेकून, एक डोळा मिटून, पेल्याच्या काठाशी नाक नेऊन बघत बसला. एक थेंब सांडला नाही.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला.

"चाळीस वर्षं बघतेय," बेया म्हणाली. "प्या आता, गार होतोय."

तो प्यायला. हा चहा वाफा करणाऱ्याचा. खमीसचा बाप प्यायचा, त्याआधी आजा प्यायचा. पुदिना घरचा, किटली बेयाने उकळलेली, सरपण बेयाने गोळा केलेलं, पण या पेल्यातला घोट तिला कधी कुणी विचारला नव्हता. तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं, किंवा वाटत नाही असं ती धरून चालली होती. चाळीस वर्षांत माणूस बरंच काही धरून चालतो.

आमच्या घार एल मेल्ह गावात वाफा सपाट असणं ही अब्रूची गोष्ट आहे. खाडीच्या काठाला वाळूचे वाफे, बोरूच्या कुंपणांनी वारा अडवलेला, आणि वाफ्याला पाणी म्हणून कुणी कधी घालत नाही. पाणी खालून येतं. तळाला समुद्राचं खारं, त्यावर तरंगतं पावसाचं गोडं. भरती आली की खारं पाणी गोड्याला खांद्यावर घेतं आणि मुळांपर्यंत आणून सोडतं. वाळू कमी पडली तर मुळं खाऱ्यात बुडतात, जास्त झाली तर गोडं पाणी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मधली जागा काही बोटांची. म्हणून सपाट. खमीसच्या वाफ्याबद्दल तर गावात म्हणायचे की तिथे पाणी सांडलं तर कुठे वाहायचं हेच त्याला कळणार नाही.

हे सगळं ठीक होतं, जोवर समुद्र आपल्या जागी होता.

गेल्या दोन वर्षांत तो जागचा हलला. पहिल्या वर्षी बटाट्याच्या पानांच्या कडा करपल्या. दुसऱ्या वर्षी निम्मी झाडं बसली. समुद्र वर आला आणि पाऊस उशिरा आला, आला तोही पाहुण्यासारखा, बसला न बसला तोच निघाला. घरचं बेणं जेमतेम एक टोपलीभर वाचलं. बाजारचं बेणं आमच्या वाळूत धरत नाही हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. घरचं बेणं संपलं की वाफा संपला.

ईदला नेजीब आला होता. हा त्यांचा मुलगा, बिझर्तला बंदरात कामाला. मुलगा गुणाचा, हेच तर वाईट. भांडायला काही जागाच ठेवत नाही.

"उम्मी, आमच्या शेजारचं घर रिकामं झालंय," तो म्हणाला होता. "तिसरा मजला, पण जिना रुंद आहे. गॅलरीतून समुद्र दिसतो."

"समुद्र बघायला मला गॅलरी लागत नाही," बेया म्हणाली. "तो रोज माझ्या वाफ्यात येतो."

"तेच म्हणतोय मी. बाबांचे गुडघे बघ. दोन वर्षं झाली, हाती काय लागलं?"

खमीस काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं बेयाच्या डोक्यात गेलं आणि ती बोलून बसली. "या हंगामात पुढच्या वर्षाचं बेणं टोपलीभर निघालं तर बिझर्तचं नाव काढायचं नाही. नाही निघालं तर खोकी तूच घेऊन ये, मी स्वतः सामान भरते."

नेजीब हो म्हणाला. त्या रात्री तिला झोप आली नाही. तिसऱ्या मजल्यावर कोंबड्या कुठे ठेवायच्या, एवढ्यावरच तिचं डोकं अडकून बसलं होतं. ती या वाळूत एकोणिसाव्या वर्षी आली, कोळ्याच्या घरातून, होडीशिवाय काही ठाऊक नसलेली. शिकली ती इथे, म्हातारी झाली ती इथे. तिला जायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती कुणाला नीट सांगता येत नव्हती.

तर आता हा वाफा. चहा पिऊन झाल्यावर खमीस उठला आणि म्हणाला, "आता यावर एक वीत भर घालायची."

"वीत?"

"वीत. समुद्र काही खाली जाणार नाही. एकदाच उचलू, मग दहा वर्षं बघायला नको."

बेयाने वाफ्याच्या कडेला हात खुपसला, कोपरापर्यंत घातला, ओली बोटं बाहेर काढून चाटली. कोळ्याच्या मुलीची जीभ होती ती. पाण्यात मीठ किती, हे तिला तोंडात घातल्याबरोबर कळायचं. "चार बोटं," ती म्हणाली. "पाऊस कुठाय? गोडं पाणी आहे ते कागदाएवढं. वीतभर वर तुमचे बटाटे काय शिडी लावून उतरणार आहेत पाण्याला?"

"चार बोटांत मार्चचं एक वादळ आलं की खेळ खलास."

"आणि वीतभर वाळूत एक शहीली सुटली की?"

शहीली म्हणजे वाळवंटाकडून येणारा वारा. तो सुटला की कपडे दोरीवर टाकेपर्यंत वाळतात, आणि माणसंही.

"तुला काय कळतं वाळूतलं," खमीस म्हणाला. "जाळं विण."

हे त्याने चाळीस वर्षांत शंभरदा म्हटलं असेल आणि शंभरदा ती हसली असेल. या वेळी नाही हसली. "निम्मा वाफा माझा," ती म्हणाली. "तुमच्या निम्म्यात वीत घाला नाहीतर डोंगर रचा. माझ्या निम्म्यात चार बोटं."

शेजारच्या वाफ्यावरून हसूनाने मान वर केली. हसूना म्हणजे खमीसचा लहानपणापासूनचा मित्र, कान लांब आणि जीभ त्याहून लांब. "काय वहिनी, काडीमोड झाला का?"

"काडीमोड झाला असता तर अख्खा वाफा घेतला असता," बेया म्हणाली.

पंधरा दिवस गाढवाच्या गाडीने वाळू येत होती. वाळू, मेंढ्यांचं खत, पुन्हा वाळू. दोघं दोन टोकांना पाठ करून राबत होती आणि दुपारी मधोमध एकत्र बसून भाकरी, हरीसाची तिखट चटणी आणि ऑलिव्ह खात होती, कारण भांडण वेगळं आणि जेवण वेगळं. खमीसने आपल्या निम्म्यावर फळी ठेवून पेला लावला. थेंब सांडला नाही, प्यायला. बेयाने आपलं निम्मं त्याच्याइतकंच सपाट केलं होतं, फावड्याच्या पाठीने घोटून घोटून. तिने फळी उचलली तेव्हा तो म्हणाला, "कोळ्यांच्या वाफ्याला पेला नसतो," आणि फळी काखेत मारून निघून गेला. चेष्टाच होती. पण तिला लागली ती.

दोन उंच्यांच्या मधे जे व्हायचं ते झालं. वरची वाळू खाली घसरली आणि वाफ्याच्या आडव्या रुंदीभर, चटईएवढ्या पट्ट्याचा एक उतार तयार झाला. दोघांपैकी कुणाचाच नाही. खमीसला तो बघवेना.

"फळ्या ठोकून भिंत करतो इथे."

"राहू दे, पाय ठेवायला जागा आहे."

जानेवारीत बेणं लावलं. डोळे बघून काप केले, राखेत घोळले, अर्धे त्याच्याकडे, अर्धे तिच्याकडे. टोपलीच्या तळाशी सुरकुतलेले, अंगठ्याएवढे, कोंब तुटलेले राहिले. कोंबड्यांना टाकायचे ते. बेयाच्याने टाकवेनात. तिने उतारावर बसून बोटाने भोकं केली आणि वरपासून खालपर्यंत ते खोचून दिले.

"इथे? तिरक्यावर?" खमीस खरोखर हादरला. "रस्त्यावरून लोक बघतात, अगं. म्हणतील खमीस म्हातारा झाला, वाफा कलला."

"सांगा लोकांना, बायकोने केलंय."

"ते तर आणखी वाईट."

दुसऱ्या दिवशी त्याने बोरूच्या पेंढ्या आणून त्या उताराच्या रस्त्याकडच्या बाजूला उभ्या केल्या, आडोसा म्हणून. म्हाताऱ्या बाईने डोक्याचा टक्कल पडलेला भाग रुमालाखाली लपवावा तसा तो उतार त्याने लपवला. बेया पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

फेब्रुवारी बरा गेला. दोन सरी आल्या, दोन्ही निम्म्यांत कोंब वर आले. बेया रोज सकाळी हात खुपसून पाणी चाखायची. मचूळ, पण चालण्यासारखं. तिचं निम्मं जास्त हिरवं होतं आणि ती ते दिवसातून दोनदा खमीसला ऐकवायची. तो म्हणायचा, "मार्च येऊ दे."

मार्च आला. तीन दिवस उत्तरेचा वारा, खाडी फुगलेली, भरती आली ती परत जायलाच तयार नाही. चौथ्या दिवशी बेयाने हात घातला, बोट तोंडात धरलं आणि थुंकली. मीठ. आठवड्यात पानांच्या कडा पिवळ्या झाल्या, मग तपकिरी, मग हातात चुरायला लागल्या. ती वाफ्याच्या कडेला मांडी घालून बसली. खमीस येताना दिसला. आता बोलणार, तिला वाटलं. मी म्हटलं नव्हतं, जाळं विण, सगळं एकदम. तिने दात आवळून धरले.

तो शेजारी बसला. एक करपलेलं पान त्याने बोटांत चुरलं. मग म्हणाला, "घरी चल. चहा ठेवतो मी."

टोमणा मारला असता तर ती भांडली असती, आणि भांडण सोपं गेलं असतं. ती गेली घरी. त्याने केलेला चहा भयंकर होता.

आता सगळी भिस्त त्याच्या निम्म्यावर. बेया स्वतःचा वाफा विसरून त्याच्या वाफ्यासाठी दुवा मागायला लागली. माणसाचा अहंकारही कसा असतो बघा, बेणं निघावं म्हणून आपण हरावं असं तिला मनापासून वाटत होतं. आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शहीली सुटली. पाच दिवस. आकाश पिवळं, दारं तापलेली, कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीला. वीतभर उंचीवरची झाडं आधी मलूल झाली, मग मान टाकून बसली.

पाचव्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव दारं लावून पडलं असताना, बेया त्याला शोधत निघाली. तो रस्त्याने येत होता. दोन्ही हातांत पत्र्याचे डबे, दर्ग्याजवळच्या नळावरून भरलेले, गुडघे वाकलेले, निम्मं पाणी विजारीवर सांडलेलं.

आमच्या वाळूत माणसाने डब्याने पाणी घालणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याने बुडताना होडीवाल्याला हाक मारावी, तसं काहीतरी. खमीस जागीच थांबला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

तिने एक डबा त्याच्या हातातून घेतला. दोघं चालायला लागली. आणि नेमका तेव्हाच हसूना समोरून आला. या गावात भर दुपारी जागा असणारा हा एकच माणूस. त्याने डबे बघितले, त्यांची तोंडं बघितली, आणि ताबडतोब आकाशाकडे बघत म्हणाला, "रोहित पक्षी यंदा लवकर आले म्हणायचे." आकाशात एक चिमणी नव्हती. आणि तसाच वर बघत तो पुढे निघून गेला. बेयाने त्या दिवसापासून त्याच्या जिभेला नावं ठेवणं सोडलं.

पाण्याचा काही उपयोग झाला नाही. वरून घातलेलं पाणी वाळूने गिळलं आणि समुद्राला देऊन टाकलं.

नेजीब रविवारी आला. गाडीच्या टपावर घड्या घातलेली खोकी दोरीने बांधलेली होती. बेयाने ती बघितली आणि तिला दार लावून घ्यावंसं वाटलं. पण शब्द दिला होता. तिने टोपली घेतली आणि तिघं वाफ्यावर गेली.

आधी तिचं निम्मं खणलं. गोट्यांएवढे बटाटे, चिरलेले, चव घेतली तर खारे. मग त्याचं. ते थोडे मोठे, पण लुळे पडलेले, दाबलं की बोट आत जावं असे. टोपलीचा तळही नीट झाकला नाही. नेजीब उकिडवा बसून बोटांनी वाळू चाळत होता.

"बोल की," बेया म्हणाली. "खोकी आणलीस ना?"

"उम्मी, मला काही आनंद झालेला नाही."

"ठाऊक आहे रे. म्हणूनच राग येतो."

खमीसने फावडं उचललं. "जायचं तर जाऊ," तो म्हणाला, "पण असा तिरका वाफा मागे ठेवून जाणार नाही. लोक म्हणतील खमीसने जाताना असा टाकला. तासभर थांब नेजीब, हा उतार मोडून सगळं सरळ करतो, मग निघू."

बेयाला हसावं की रडावं कळेना. घर सुटत होतं आणि या माणसाला सपाटीची पडली होती. त्याने बोरूच्या पेंढ्या बाजूला फेकल्या. मागे पाला होता, मधल्या भागात हिरवा, वर आणि खाली वाळलेला. तो पाला दोघांनाही महिनाभर दिसत होता आणि दोघांनीही मनावर घेतला नव्हता. टाकाऊ बेण्याचा पाला, त्यावर कोण विश्वास ठेवणार. खमीसने फावडं उताराच्या मधोमध घातलं.

कच्च, असा आवाज आला.

फावड्याच्या पात्यावर अर्धा बटाटा चिकटून आला. पांढरा, ओला, कापल्या जागी पाण्याचे मणी. मुठीएवढा होता. खमीस त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याने पुन्हा फावडं उचललं.

"थांबा," बेया म्हणाली. "फावडं ठेवा खाली. हातांनी."

ती पोटावर पडल्यासारखी उतारावर वाकली आणि वाळू उकरायला लागली. एक निघाला. त्याच्या बाजूला तीन. खमीस दुसऱ्या टोकाला बसला, गुडघ्यांचं विसरून. नेजीबने बाह्या वर सारल्या. सर्वांत वरच्या ओळीत सुकलेल्या गोळ्या होत्या, सर्वांत खालच्या ओळीत खारट गोट्या. पण मधल्या ओळींनी, त्या अंगठ्याएवढ्या, कोंब तुटलेल्या, कोंबड्यांच्या तोंडातून वाचलेल्या बेण्याने, वाफ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पीक दिलं होतं. बेया एक कापलेला तुकडा चावून बघत होती, कच्चाच. गोड होता. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि वाळूचे हात असल्यामुळे ते पुसताही येईना.

टोपली भरली. वर ढीग झाला. नेजीब सदऱ्याच्या ओच्यात आणत होता आणि ठेवायला जागा नव्हती.

"खोकी आहेत गाडीवर," खमीस अगदी गंभीरपणे म्हणाला.

नेजीब आधी बापाकडे बघत राहिला, मग खाली बसून इतका हसला की हसूना पलीकडून धावत आला. एक खोकं खाली आलं, उघडलं, त्यात कोरडी वाळू घातली आणि उरलेलं बेणं त्यात निजवलं. बाकीची खोकी तशीच घडी घालून बिझर्तला परत गेली. जाताना नेजीबने आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं. बिझर्तचं नाव काढलं नाही. मुलगा गुणाचा, म्हटलं ना.

पण गोष्ट इथे संपली असती तर खमीस खमीस कसला. संध्याकाळी तो पुन्हा वाफ्यावर गेला, मधल्या ओळींशी काठी रोवून मोजलं, आणि चेहरा उजळून घरी आला.

"सात बोटं," तो म्हणाला. "ना तुझी चार, ना माझी वीत. सात. आता अख्खा वाफा सात बोटांवर घेतो, एकदम सपाट. सापडलं."

बेया बटाटे उकडत होती, जे बेण्याच्या लायकीचे नव्हते ते. तिने झाकण ठेवलं. "यंदा सात."

"हो, सात."

"आणि पुढच्या वर्षी? समुद्र तुम्हाला विचारून येणार आहे? पाऊस निरोप धाडणार आहे? वादळ आलं नसतं तर माझी चार बोटं पिकली असती. शहीली सुटली नसती तर तुमची वीत पिकली असती. आपण दोघं बरोबर होतो, अहो, आणि दोघंही उपाशी मरणार होतो. त्या उताराला काही कळत नव्हतं म्हणून त्याने सगळ्या उंच्या ठेवल्या. कुठली तरी एक लागू पडली."

"म्हणजे?"

"म्हणजे वाफा तिरका करायचा. सगळा. काही ओळी समुद्राच्या, काही शहीलीच्या, मधल्या आपल्या. कुठल्या आपल्या ते दरवर्षी त्यांचं ते ठरवतील."

खमीस खाली बसला. तिला वाटलं आता ओरडेल. तिरका वाफा. त्याचा बाप, त्याचा आजा, चाळीस वर्षांचे पेले. तो ओरडला नाही. त्याने हाताच्या पंजाकडे बघितलं, उलटसुलट केला, आणि विचारलं, "मग पेला कसा लावायचा?"

तिने झाकण उचलून बघितलं. "बटाटे झालेत," ती म्हणाली. "हरीसा काढू?"

पुढच्या जानेवारीत वाफा झाला. या वेळी दोघांनी एका बाजूने काम केलं आणि भांडणंही एकाच बाजूने केली. उंच कडेला वीत, खालच्या कडेला चार बोटं, मधे लांबच लांब हलका उतार. आता आडोसा नव्हता. रस्त्यावरून सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे बघायला थांबत होते, कारण खमीसचा वाफा तिरका ही आमच्याकडे बातमी होती.

शेवटच्या दिवशी त्याने फळी आणली. बेया किटली घेऊन मागे उभी राहिली. हसूना होता, आणखी पाचसात जण होते. खमीसने उताराच्या मधोमध फळी ठेवली, फळीवर पेला ठेवला आणि काठोकाठ ओतला. त्याने हात काढताच चहा खालच्या बाजूच्या काठावरून ओघळला, फळीवर आला आणि वाळूत जिरला.

हसूना म्हणाला, "खमीस, सांडला रे."

"सांडायलाच हवा," खमीस म्हणाला. तो गुडघ्यांवर, एक डोळा मिटून, नाक पेल्याशी. "जास्त नाही, कमी नाही. एक घोट. तेवढा वाळूचा. दोन घोट सांडले तर उतार जास्त झाला, आणि मुळीच नाही सांडला तर वाफा चुकला. लक्षात ठेव, तुझाही करायचाय पुढच्या वर्षी."

हसूनाने मान हलवली, चेष्टा न करता. फळीवरचा ओला डाग त्याने बोटाने मोजूनही बघितला.

खमीस पेला हातात घेऊन उठला. गुडघे वाजले. सवयीने पेला ओठांपर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग तो वळला आणि पेला त्याने बेयाच्या पुढे धरला.

बेयाला आधी कळलंच नाही. तिने किटली खाली ठेवली, हात झग्याला पुसले, आणि पेला घेतला. हा चहा वाफा करणाऱ्याचा. सगळं गाव बघत होतं. ती म्हणाली, "साखर कमी आहे," आणि तळाच्या पुदिन्यासकट सगळा प्यायली.